एफईसी डॉट गव्ह : वेबसाइट चोख, आयोग खिळखिळा

३ नोव्हेंबर २०२६ च्या मध्यावधी निवडणुकीआधीचे शेवटचे आठवडे म्हणजे अमेरिकेत टीव्ही, यूट्यूब आणि टपालपेटी, तिन्हीकडे राजकीय जाहिरातींचा पूर. जाहिरात संपता संपता दोन-तीन सेकंद एक ओळ झळकते : 'पेड फॉर बाय', आणि पुढे कधीच न ऐकलेलं, देशभक्तीचा वास असलेलं एखादं नाव. ते नाव कोणाचं, त्यामागे पैसा कोणाचा आणि तो उमेदवार निवडून आल्यावर हा पैसा काय मागणार, हे शोधायची सरकारी जागा म्हणजे फेडरल इलेक्शन कमिशनची वेबसाइट, एफईसी डॉट गव्ह. फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही, जगात कुठूनही चालते.

हे परीक्षण डेमोक्रॅटिक पक्षाला मत देणाऱ्या उदारमतवादी मतदाराचं आहे, हे आधीच सांगून ठेवतो. कंपन्यांना आणि संघटनांना निवडणुकीत स्वतंत्रपणे हवा तितका खर्च करू देणारा २१ जानेवारी २०१० चा सुप्रीम कोर्टाचा 'सिटिझन्स युनायटेड' निकाल माझ्या मते साफ चुकला. पण त्याच निकालात नऊपैकी आठ न्यायमूर्तींनी एक गोष्ट मान्य केली होती : जाहिरातीला पैसे कोणी दिले हे उघड करायला लावणं घटनेला धरून आहे. खर्चाला मोकळीक द्यायची आणि नावं उघड ठेवायची, असा तो सौदा होता. सौद्याची दुसरी बाजू पाळली जाते का, या एकाच कसोटीवर मी ही वेबसाइट तपासतो.

आधी कौतुक, कारण ते खरोखर कमावलेलं आहे. सरकारी वेबसाइट म्हटल्यावर जी धास्ती वाटते, ती इथे पहिल्या पाच मिनिटांत जाते. २०१७ मध्ये नव्याने बांधलेली ही साइट शोधाला चटकन उत्तर देते. उमेदवाराचं नाव टाका, त्याचं पान उघडतं : किती जमा, किती खर्च, हातात किती शिल्लक, कर्ज किती. त्याच पानावर इतरांनी त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध केलेला खर्चही दिसतो, आणि सुपर पॅकच्या (उमेदवाराला थेट न देता अमर्याद पैसा जमवून खर्चणाऱ्या गटांच्या) जमान्यात तोच आकडा जास्त बोलका असतो. एकाच नावाचे चार उमेदवार निघतात, म्हणून नावापेक्षा ओळख-क्रमांक धरून चाला. प्रतिनिधिगृहाच्या उमेदवाराचा क्रमांक 'एच'ने सुरू होतो, सिनेटच्या 'एस'ने, राष्ट्राध्यक्षपदाच्या 'पी'ने. समितीचा, म्हणजे उमेदवाराचा किंवा गटाचा पैसा सांभाळणाऱ्या नोंदणीकृत संस्थेचा, क्रमांक 'सी' आणि पुढे आठ आकडे असा असतो. तो एकदा वहीत उतरवून ठेवला की समितीने नाव बदललं तरी माग सुटत नाही.

देणगीदार शोधायचे तर 'कँपेन फायनान्स डेटा'मधून 'ब्राउझ डेटा', तिथे 'रेझिंग'खाली 'इंडिव्हिज्युअल कॉन्ट्रिब्युशन्स'. डावीकडे गाळण्या आहेत : नाव, शहर, राज्य, झिप कोड, व्यवसाय, नोकरी देणारी कंपनी, तारीख, रक्कम. इथली सगळ्यात सामान्य चूक म्हणजे कालावधी न पाहणं. साइट दोन-दोन वर्षांच्या तुकड्यात शोधते आणि सुरुवातीला चालू तुकडाच निवडलेला असतो. २०२४ ची देणगी २०२५-२६ मध्ये शोधली की काहीच सापडत नाही, आणि लोक 'नोंद दडवली' असा निष्कर्ष काढून मोकळे होतात.

दुसरी चूक दुहेरी बेरजेची. डेमोक्रॅटांचं अॅक्टब्लू आणि रिपब्लिकनांचं विनरेड हे मधले गाळे आहेत, म्हणजे देणगी घेऊन उमेदवाराकडे पोचवणारे ऑनलाइन मध्यस्थ. तुम्ही अॅक्टब्लूवरून एखाद्या उमेदवाराला ३०० डॉलर दिलेत तर ती रक्कम एकदा अॅक्टब्लूच्या अहवालात 'अमुक समितीसाठी राखीव' म्हणून येते आणि पुन्हा उमेदवाराच्या अहवालात येते. दोन्ही ओळी बेरजेत घेतल्या की ३०० चे ६०० होतात. काही ओळी उघडून पाहिल्या तर 'मेमो' अशी खूण दिसते. मेमोची ओळ माहितीपुरती असते, एकूण रकमेत धरायची नसते. या खुणेकडे दुर्लक्ष करून केलेले 'गौप्यस्फोट' दर निवडणुकीत फिरतात, दोन्ही बाजूंचे.

तिसरी गोष्ट २०० डॉलरची. उमेदवाराच्या समितीला एका निवडणूक-चक्रात एका माणसाने दिलेली एकूण रक्कम २०० डॉलरच्या वर गेली की नाव, पत्ता, व्यवसाय आणि नोकरीचं ठिकाण नोंदवणं सक्तीचं होतं. त्याखालच्या रकमा एकगठ्ठा दाखवता येतात. मात्र मधल्या गाळ्यातून गेलेली दहा डॉलरची देणगीही गाळ्याच्या अहवालात नावानिशी छापली जाते. शेजाऱ्याला कळू नये असं वाटत असेल तर हे आधी माहीत असलेलं बरं. या यादीतली नावं उचलून त्यांच्याकडे देणग्या मागणं किंवा धंद्यासाठी वापरणं कायद्याने बंद आहे.

आपल्यापैकी अनेकांचा नेहमीचा प्रश्न : कोणाला देणगी देता येते? अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डधारक देऊ शकतात. एच-वन-बी, एल-वन किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना देता येत नाही, एक डॉलरही नाही, आणि जोडीदाराच्या नावावर आपले पैसे देणं हाही गुन्हाच. ग्रीन कार्डवर देणगी चालते म्हणून मत चालतं असं कोणी समजू नये. ती चूक नागरिकत्वाच्या अर्जापर्यंत पाठ सोडत नाही. २०२५-२६ साठी एका उमेदवाराला दर निवडणुकीत ३,५०० डॉलर ही मर्यादा आहे. प्राथमिक आणि मुख्य या दोन वेगळ्या निवडणुका धरतात, म्हणजे एकूण ७,००० डॉलर. स्वतःच्या नावावर फेडरल सरकारचं कंत्राट असेल तर ते चालू असेपर्यंत देणगी पूर्ण बंद.

आता खऱ्या कामाचा भाग, स्वतंत्र खर्च, म्हणजे उमेदवाराशी संगनमत न करता इतरांनी त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध केलेला खर्च. 'स्पेंडिंग'खाली 'इंडिपेंडंट एक्स्पेंडिचर्स' उघडा, उमेदवाराचं नाव टाका, समर्थन की विरोध ते निवडा. वर 'प्रोसेस्ड' आणि 'रॉ' असे दोन प्रकार दिसतील. ऑनलाइन दाखल झालेला अहवाल 'रॉ'मध्ये काही मिनिटांत येतो. 'प्रोसेस्ड'मध्ये यायला दिवस लागतात, पण तिथे सुधारित अहवाल जुळवून घेतलेले असतात. निवडणुकीच्या तोंडावर 'रॉ' पाहावं, नंतर शांतपणे बेरीज करायची तर 'प्रोसेस्ड' घ्यावं, आणि दोन्ही कधीच एकत्र करू नयेत. इथेही दुहेरी बेरजेचा धोका आहेच : सुपर पॅक आधी तातडीचा अहवाल फॉर्म २४ वर देतं आणि मग तोच खर्च नेहमीच्या फॉर्म ३एक्सच्या शेड्युल ई (स्वतंत्र खर्चाचा तक्ता) मध्ये पुन्हा लिहितं.

तातडीच्या अहवालांचे नियम असे. निवडणुकीला वीस दिवस उरेपर्यंत, एका लढतीत खर्च १०,००० डॉलरला पोचला की ४८ तासांत कळवायचं. त्यानंतर १,००० डॉलर झाले की २४ तासांत. यंदा २४ तासांचा नियम १५ ऑक्टोबरला लागू होतो. म्हणजे जाहिरात दिसली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खर्च करणाऱ्याचं नाव, रक्कम, जाहिरात बनवणारी कंपनी, सगळं पडद्यावर असतं. इतका वेगवान हिशेब फार थोड्या देशांत मिळतो आणि त्याचं श्रेय या साइटला मोकळ्या मनाने दिलं पाहिजे.

पण खर्च कळतो, देणारा कळत नाही. उमेदवाराच्या समितीला शेवटच्या काळात १,००० डॉलर किंवा जास्त मिळाले तर तिने ४८ तासांत नाव सांगायचं असतं. सुपर पॅकला हा नियमच नाही. त्याचा निवडणूकपूर्व अहवाल वीस दिवस आधीच्या तारखेपर्यंतचा असतो, यंदा १४ ऑक्टोबर, आणि तो २२ ऑक्टोबरला द्यायचा असतो. १५ ऑक्टोबरला कोणी दोन कोटी डॉलर दिले तर ते नाव ३ डिसेंबरला द्यायच्या अहवालात येणार, मतदानानंतर बरोबर तीस दिवसांनी.

ही भीती काल्पनिक नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये 'आरबीजी पॅक' नावाचं सुपर पॅक उगवलं. दिवंगत न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांच्या आद्याक्षरांचं नाव घेऊन त्याने गर्भपाताच्या प्रश्नावर ट्रम्प यांच्या बाजूने जाहिराती केल्या. खर्च २४ तासांच्या अहवालांत दिसत होता, देणाऱ्याचा रकाना कुठेच नव्हता. ५ डिसेंबरला कळलं की सगळे २ कोटी ५ लाख डॉलर एकट्या इलॉन मस्क यांचे होते. स्त्रियांच्या हक्कांसाठी झिजलेल्या न्यायमूर्तींच्या नावावर हे व्हावं, याचा मला आजही संताप येतो. आणि यात कायदा कुठेही मोडला गेला नाही, ही त्याहून वाईट गोष्ट.

आपल्या बाजूकडेही बोट दाखवलंच पाहिजे. कमला हॅरिस यांच्यासाठी झटणाऱ्या 'फ्यूचर फॉरवर्ड' या सुपर पॅकची एक ना-नफा शाखा होती. अशा शाखेला देणगीदारांची नावं सांगावी लागत नाहीत. शाखा सुपर पॅकला पैसे देते आणि एफईसीवर देणगीदार म्हणून शाखेचंच नाव छापलं जातं. शेड्युल ए (जमा रकमांचा तक्ता) मध्ये देणारा कोणी माणूस नसून 'अॅक्शन', 'फंड', 'अलायन्स' असं काही असेल तर तिथून पुढे ही वेबसाइट काहीच सांगू शकत नाही. हे बंद करणारं डिस्क्लोज विधेयक सप्टेंबर २०२२ मध्ये सिनेटमध्ये ४९-४९ वर अडलं. विधेयक डेमोक्रॅटांचं होतं हे खरं, पण पक्षाने नियम बदलण्याची वाट पाहत तोच मार्ग स्वतः वापरत राहावं, हे मला पटत नाही.

खर्चाची बाजू वाचताना घाई नको. ऑक्टोबर २०२४ मध्ये हॅरिस यांच्या समितीने ओप्रा विन्फ्री यांच्या हार्पो प्रॉडक्शन्सला पाच-पाच लाख डॉलर दोनदा दिल्याच्या ओळी आहेत. लगेच बोभाटा झाला की पाठिंबा विकत घेतला. ओळीतला 'पर्पज'चा रकाना मात्र कार्यक्रमाच्या निर्मितीचा खर्च असं म्हणतो. एका संध्याकाळच्या कार्यक्रमावर इतका पैसा उधळावा का, हा देणगीदाराने विचारायचा रास्त प्रश्न आहे. लाच दिल्याचा पुरावा मात्र त्या ओळीत नाही. तसंच ट्रम्प यांच्या 'सेव्ह अमेरिका' पॅकने २०२३ मध्ये वकिलांवर ओतलेले कोट्यवधी डॉलर शेड्युल बी (खर्चाचा तक्ता) मध्ये एकेका वकिली फर्मच्या नावानिशी वाचता येतात. सामान्य माणसाने पाच-दहा डॉलरच्या हप्त्यांनी दिलेला पैसा कुठे गेला हे त्याला स्वतःला पाहता येतं, हीच या साइटची किंमत.

याच रकान्यात पळवाटही आहे. समितीने एका मध्यस्थ कंपनीला 'मीडिया' म्हणून मोठी रक्कम दिली की पुढे त्या कंपनीने कोणाकोणाला किती दिलं हे सहसा कळत नाही. एकाच एलएलसीकडे (मर्यादित जबाबदारीच्या खासगी कंपनीकडे) अर्ध्याहून जास्त खर्च जात असेल, ती कंपनी निवडणुकीआधी थोडेच महिने नोंदलेली असेल, तर तिथे थांबून खोलात जावं. समितीच्या 'फायलिंग्ज'मध्ये 'रिक्वेस्ट फॉर अॅडिशनल इन्फर्मेशन' अशी पत्रं असतात, तीही उघडा. आयोगाच्या तपासनिसांनी बेरजा जुळत नाहीत, मर्यादा ओलांडली, व्यवसाय लिहिला नाही, असं जे विचारलं ते त्यात शब्दशः असतं. बातमीदारांच्या आधी गडबड इथे दिसते, तरी ही पत्रं फार थोडे लोक वाचतात.

निवडणुकीचा पैसा आणि सरकारी पैसा एकमेकांशेजारी ठेवून पाहायचा तर सरकारी खर्चाची आणि कंत्राटांची यूएसएस्पेंडिंग डॉट गव्ह ही वेबसाइट लागते. फेडरल कंत्राटदार कंपनीला सुपर पॅकलाही देणगी देता येत नाही. सुपर पॅकच्या शेड्युल ए मधून कंपन्यांची नावं काढा, यूएसएस्पेंडिंगवर तीच नावं टाका, देणगीच्या तारखेला कंत्राट चालू होतं का ते पाहा. मुख्य कंपनी आणि उपकंपनी यांत गल्लत होऊ देऊ नका. नावापेक्षा त्यांचा बारा अक्षरांचा यूईआय हा सरकारी ओळख-क्रमांक जुळवा. मालकाने वैयक्तिक खात्यातून दिलेली देणगी या बंदीत येत नाही. या पद्धतीला फळ येतं : सफक कन्स्ट्रक्शन या कंत्राटदाराने २०१५ मध्ये हिलरी क्लिंटन यांच्या बाजूच्या 'प्रायॉरिटीज यूएसए अॅक्शन'ला दोन लाख डॉलर दिले होते, तक्रार झाली आणि २०१७ मध्ये कंपनीने ३४,००० डॉलर दंड भरला. दंड देणगीच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास. धाक बसावा असा तो नाही.

आणि इथे वेबसाइट संपून आयोग सुरू होतो. वॉटरगेटनंतर, १९७४ च्या कायदादुरुस्तीतून हा आयोग आला. सहा सदस्य, एका पक्षाचे तीनपेक्षा जास्त नाहीत, आणि कोणत्याही कारवाईला चार मतं लागतात. एका पक्षाला हत्यार मिळू नये म्हणून केलेली ही रचना प्रत्यक्षात ३-३ च्या कोंडीत अडकते. त्याहून वाईट म्हणजे सदस्यच चारपेक्षा कमी असणं. २००८ मध्ये हे झालं, २०१९-२० मध्ये झालं. मे २०२५ च्या सुरुवातीला पुन्हा कोरम, म्हणजे कामकाजाला लागणारी किमान सदस्यसंख्या, गेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत ट्रम्प यांनी डेमोक्रॅटिक सदस्य एलन वाइनट्रॉब यांना पत्र पाठवून काढलं होतं, आणि रिपब्लिकन सदस्यही पद सोडून गेले. कोरम नसताना कर्मचारी अहवाल स्वीकारतात, छापतात, शंकेची पत्रं पाठवतात. नवी चौकशी, दंड, नियम, सल्लापत्र (कायद्याचा अर्थ विचारणाऱ्याला आयोगाचं उत्तर) यांतलं काहीही होत नाही.

तरीही तक्रार करायची असेल तर ती लेखी, शपथेवर आणि नोटरीसमोर सही करून द्यावी लागते. कोणीही करू शकतो. अहवालाचा क्रमांक, पान आणि ओळ यांचा हवाला द्या, कायद्याचं कलम सांगा, तर्क बाजूला ठेवा. समोरच्याला उत्तराला १५ दिवस मिळतात. १२० दिवसांत आयोग हलला नाही तर तक्रारदाराला वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयात जाता येतं, पण त्याला वकील आणि पैसा लागतो. दाव्याची मुदत पाच वर्षांची, त्यामुळे नुसती दिरंगाईही आरोपीच्या पथ्यावर पडते. निकाली प्रकरणं 'लीगल रिसोर्सेस'मध्ये शोधता येतात. सदस्यांची निवेदनं वाचा. कोणी काय मत दिलं आणि का, ते लपत नाही.

आयोग काहीच करू शकत नाही असंही नाही. आधीच टिक केलेल्या चौकटीने देणगीदाराच्या खात्यातून दर आठवड्याला पैसे कापण्याची लबाडी बंद करा, अशी शिफारस मे २०२१ मध्ये सर्व सदस्यांनी एकमताने काँग्रेसला केली होती. उलट मार्च २०२४ मध्ये टेक्सासच्या एका डेमोक्रॅटिक गटाने मागितलेल्या सल्लापत्रातून, दारोदारच्या प्रचारात सुपर पॅकने उमेदवाराशी हातमिळवणी करायला वाट मोकळी झाली. ती वाट आपणच मागितली आणि त्याच शरद ऋतूत मस्क यांच्या अमेरिका पॅकने ती भरपूर वापरली. डाव्या वकिलांनी अशा विनंत्या करण्याआधी दहादा विचार करावा.

जोडीची साधनं थोडक्यात. ओपनसीक्रेट्सवर उद्योगवार चित्र चटकन मिळतं, पण तिथे 'अमुक कंपनीकडून' असं दिसलं तर ती रक्कम बहुतेक त्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांची आणि पॅकची असते, हे धरून चाला. कागदपत्रं हवी असतील तर एफओआयए डॉट गव्हवरून माहितीचा अर्ज करा. नागरिक नसलात तरी चालतं. कायद्यातली मुदत २० कामाचे दिवस आहे, प्रत्यक्षात महिने जातात. अर्ज अरुंद ठेवा : कोणत्या अधिकाऱ्याचे, कोणत्या तारखांमधले, कोणत्या विषयाचे ईमेल. 'सर्व कागदपत्रे' मागितलीत तर रांगेच्या शेवटी जाल. काँग्रेस, न्यायालयं आणि राष्ट्राध्यक्षांचं निकटचं कार्यालय या कायद्यात येत नाहीत. महानिरीक्षकांचे (सरकारी खात्यांतले गैरव्यवहार तपासणाऱ्या अधिकाऱ्यांचे) अहवाल एकत्र देणारी ओव्हरसाइट डॉट गव्ह उपयुक्त आहे, पण जानेवारी २०२५ मध्ये डझनाहून अधिक महानिरीक्षक कायद्यातली ३० दिवसांची पूर्वसूचना न देता काढले गेले आणि ऑक्टोबरमध्ये निधी अडवल्यामुळे ती साइट काही काळ बंदच होती. म्हणून हवा तो अहवाल दिसताच पीडीएफ उतरवून ठेवावा.

एफईसीवर उतरवणं सोपं आहे. गाळलेली यादी 'एक्स्पोर्ट' करता येते, एका वेळी पाच लाख ओळींपर्यंत. त्यापुढे 'बल्क डेटा' घ्या किंवा एपीआयची (प्रोग्रामने थेट माहिती ओढायच्या सोयीची) फुकट किल्ली मागा, तासाला हजार विनंत्या पुरतात. एक्सेल झिप कोडची सुरुवातीची शून्यं खातं, न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्सवाल्यांनी तो रकाना 'टेक्स्ट' करूनच उघडावा. फोनवर साइट उघडते, पण गाळण्या आणि लांब तक्ते अंगठ्याने हाकणं त्रासाचं आहे, लॅपटॉपच घ्या.

माझे गुण : वेबसाइटला पाचपैकी साडेचार, आयोगाला एक. अर्धा गुण कापला तो मेमोच्या ओळी नवख्याला समजतील अशा दाखवल्या नाहीत म्हणून.

गव्हर्नर, राज्य विधिमंडळ, महापौर, शाळा मंडळ यांचा हिशेब इथे मिळणार नाही. तो प्रत्येक राज्याच्या निवडणूक कार्यालयाकडे असतो आणि दर्जा राज्यागणिक बदलतो : कुठे तीन क्लिकमध्ये यादी, कुठे स्कॅन केलेलं हस्ताक्षर. मर्यादाही वेगळ्या. त्यामुळे ३,५०० डॉलरचा आकडा तिकडे लावू नका, आधी त्या राज्याचा नियम पाहा.